विंगेतला माणूस पडद्यासमोर

तिकिटाचे पैसे मी दिलेत, म्हणून बोलतो.
दोनशे ऐंशी, शिवाय सावईवेऱ्याहून फोंड्यापर्यंत बसचे वेगळे.
मध्यंतरात पॉपकॉर्न घेतले नाहीत,
तेवढ्यात पातळभाजीच्या सहा बशा आणि पाव येतात.

तीस वर्षं जत्रेच्या नाटकांत मी प्रॉम्प्टर.
वही मांडीवर, टॉर्च काखेत,
गावचा सेनापती अडला की त्याला वाक्य देणारा.
त्यामुळे सिनेमा मला आधी कानांनी कळतो.

तो मोठा, लढाईचा, तीन तास वीस मिनिटांचा:
नायक प्रत्येक दारातून सावकाश आला.
दार वाड्याचं असो, तुरुंगाचं असो, न्हाणीचं असो,
आधी बूट, मग धूर, मग दाढी.
आमच्या उमाकांतला असं येऊ दिलं असतं
तर पहिल्या अंकातच कोंबडा आरवला असता.
वाक्यं टाळ्यांसाठी थांबतात.
टाळ्या पडल्या नाहीत तरी थांबतात.
तेवढ्या वेळात मी पुटपुटतो पुढचं,
आणि नायक नेमकं तेच बोलतो.
भाचा रिद्धेश विचारतो, मामा, आधी बघितलात?
नाही रे. असल्या तेरा वह्या आहेत माझ्या ट्रंकेत,
वाळवीनेसुद्धा अर्ध्यात सोडलेल्या.

भुताचा विनोदी बरा होता. खोटं कशाला, हसलो.
भूत येतं तेव्हा नव्हे, भूत ओशाळतं तेव्हा.
पण मध्यंतरानंतर भुताला आई मिळाली,
आईला आजार मिळाला,
आणि मी पायाने चपला चाचपू लागलो.

गोव्यात घडणाऱ्याबद्दल न बोललेलं बरं.
एक पूल, एक भाड्याची स्कूटर,
एक झिंगलेला पेद्रू, दर वाक्याला मॅन म्हणणारा.
माझ्या शेजारच्या खुर्चीत इनास होता,
चव्वेचाळीस वर्षं गवंडीकाम, रात्री आठला पेज जेवून झोपणारा.
हळूच म्हणाला, हा खंयचो रे?
म्हटलं, बाहेरून आणलेला.
"सामानासारखो?"
"सामानासारखा."
आमची कुळागरं एकदाच दिसली,
मागे, धूसर, पुढे खून चालला होता तेव्हा.

तो छोटा मात्र.
मंगळवार, सकाळचा खेळ, अकरा माणसं,
त्यांतली दोन एसीसाठी आलेली.
रिद्धेश म्हणाला, कंटाळवाणा आहे, तुम्ही एकटेच जा.
एक बाई. नवरा बोटीवर होता.
होता, हे सांगायला कंपनीचा माणूस कागद घेऊन आलेला.
ती सही करायला बसते. पेन चालत नाही.
झटकते. कोपऱ्यात गिरगटते.
तो माणूस दुसऱ्या पेनासाठी खिसे तपासतो, सगळे, परत सगळे.
मी दिलं वाक्य, सवयीने, ओठांतल्या ओठांत:
आता माझं कसं होणार.
तिने घेतलं नाही.
दुसरं दिलं, लहान: देवा.
तेही नाही.
पेन चाललं. सही झाली.
ती म्हणाली, "चहात साखर किती?"

मी खुर्चीत सरळ बसलो.
वही मिटावी तसे हात मांडीवर आले.

शेवट लांबवलाय. समुद्र दाखवायला नको होता.
हे माझं मत, आणि ते मी बदलणार नाही.
गुरुवारी तो काढला. तिथे परत
बूट, धूर, दाढी.

यंदाच्या जत्रेत उमाकांत तिसऱ्या अंकात अडला.
तलवार वर, तोंड उघडं.
मी वाक्य दिलं नाही.
म्हटलं, बघू तरी, काय येतं आतून.
मांडव गप्प. चण्याची पुडी सोडणारे हातही थांबले.
एक, दोन, तीन, चार...
सेनापती विंगेकडे वळला, घामाघूम:
"गुणाजी, न्हिदलो काय रे?"

त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी तीच.